कष्टकरी घरातही कोलेस्टेरॉल?

हृदयविकार हा बसून खाणाऱ्यांचा आजार, असे आपण धरून चालतो. रानात राबणाऱ्या, भाजी-भाकरी खाणाऱ्या सडपातळ माणसाला तो कशाला होईल? कष्टाने धोका कमी होतो, हे खरेच. पण कोलेस्टेरॉलचा एक आजार ताटातून येत नाही, तो आईवडिलांकडून येतो. डॉक्टर त्याला ‘फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया’ म्हणतात.

कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच. ते एलडीएल नावाच्या कणांतून रक्तात फिरते आणि जास्तीचे कण यकृत पकडून आत घेते. या आजारात जन्मापासूनच यकृताची ही पकड कमी असते. त्यामुळे कोलेस्टेरॉल रक्तात साचते आणि रक्तवाहिन्या आतून हळूहळू अरुंद होत जातात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन डॉक्टरांनी हे कोडे उलगडले. त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जगात साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला हा दोष असतो. मोठ्या माणसाचे एलडीएल अशा वेळी बहुधा १९० च्या वर असते. उपचार न झाल्यास यातील सुमारे निम्म्या पुरुषांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. स्त्रियांना काही वर्षे उशिरा.

आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला, तर लहान मुलालाही झटका येऊ शकतो. अमेरिकेतील स्टॉर्मी जोन्स ही अशीच मुलगी. १९८४ मध्ये, सहाव्या वर्षी, तिचे हृदय आणि यकृत एकाच वेळी बदलावे लागले. असा दुहेरी दोष क्वचितच आढळतो. पण मामे-आते भावंडांत लग्ने होतात तेथे, घराण्यात दोष असल्यास, त्याची शक्यता वाढते.

काही खुणा डोळ्यांना दिसतात. बोटांच्या सांध्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर गाठी येतात. टाचेमागची दोरीसारखी शीर जाड होते. तरुणपणीच बुबुळाभोवती पांढरट कडे दिसते. त्वचेचा रोग समजून लोक मलम लावत बसतात. कित्येकांना तर एकही खूण नसते. म्हणून रक्ततपासणी हाच खरा मार्ग.

तेल-तूप कमी करावे, तंबाखू सोडावी. पण नुसत्या पथ्याने हा आजार आटोक्यात येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टॅटिनची गोळी रोज, जन्मभर घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती बंद करू नये. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे.

एका घरात एक रुग्ण सापडला, की त्याच्या प्रत्येक भावंडाला आणि मुलाला हा दोष असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून तपासणी साऱ्या घराची व्हावी. घरभेटीला गेल्यावर ‘थोरला चाळिशीतच छातीत कळ येऊन गेला’ असे कानी पडले, तर केवळ सांत्वन करून परतू नका. ‘घराण्याला शाप आहे’ म्हणून ते लोक गप्प बसलेले असतील. मागे राहिलेल्या भावंडांना आणि लेकरांना रक्ततपासणीसाठी दवाखान्यात न्या. गेलेला परत येत नाही; पण धाकट्याला वाचवता येते.