तंतुवाद्यांची तात : आतड्याची की कृत्रिम धाग्याची?

महाराष्ट्राच्या संगीतजीवनात तंतुवाद्यांना मानाचे स्थान आहे. तंबोरा, सतार, एकतारी, तुणतुणे या वाद्यांना धातूची तार चढविलेली असते. सारंगी आणि चौंडके ही दोन वाद्ये मात्र याला अपवाद आहेत. त्यांचा मुख्य स्वर परंपरेने बकऱ्याच्या आतड्यापासून केलेल्या तातीतून उमटत आला आहे. आता चांगली तात सहज मिळत नाही. नायलॉनचा धागा मात्र कोठेही मिळतो. तेव्हा तात शोधावी की नायलॉन चढवून काम भागवावे, असा प्रश्न वादकांपुढे आणि वाद्ये बाळगणाऱ्या शाळा व संस्थांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर सर्व वाद्यांना एकच नाही.

पुणे आणि सारंगी

पुण्याला हा विषय परका नाही. १८८० मध्ये याच शहरात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनाला कादरबक्ष यांच्या सारंगीची साथ लाभली. कालांतराने मैफलीतील साथीचे स्थान हार्मोनियमने घेतले आणि सारंगी मागे पडली. पंडित रामनारायण (१९२७–२०२४) यांनी मुंबईत राहून तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. डॉ. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंच्या पुण्यातील संग्रहालयात वाद्यांचे दालन पाहताना या परंपरेची व्याप्ती ध्यानात येते.

सारंगी एकाच लाकडी ठोकळ्यातून कोरलेली असते. तिच्या पोटावर चामडे मढविलेले असून त्यावर घोडी असते. घोडीवरून तीन जाड ताती जातात आणि त्यांच्याखाली पस्तीसच्या आसपास धातूच्या बारीक तरफा असतात. वादक उजव्या हाताने गज फिरवितो. डाव्या हाताची बोटे तो तातीवर दाबत नाही, तर नखाच्या मुळाशी असलेली त्वचा तातीच्या बाजूला टेकवून सरकवितो. म्हणजे या तातीला एकाच वेळी गजाची पकड आणि बोटाचे घर्षण सोसावे लागते.

तात कशी होते

आतडे स्वच्छ धुऊन, चरबी खरवडून काढून त्याच्या पट्ट्या करतात. या पट्ट्या ओल्या असतानाच एकत्र पिळून ताणावर वाळवितात व घासून गुळगुळीत करतात. किती पट्ट्या पिळल्या यावर जाडी ठरते. एकेकाळी अशीच तात पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही लागत असे. कापूस यंत्राने पिंजला जाऊ लागल्यावर तातीच्या मागणीचा तो मोठा आधार गेला.

कृत्रिम धाग्याचा इतिहास अलीकडचा आहे. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ मध्ये लागला. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याच्या धाग्याची गरज वाढली आणि गिटारवादकांना तात मिळेनाशी झाली. त्या अडचणीतून १९४०च्या दशकात गिटारला नायलॉनच्या तारा चढल्या. युरोपातील ल्यूट या जुन्या वाद्याच्या वादकांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांच्यासाठी इटलीतील अक्विला या कंपनीने १९९७ मध्ये ‘नायलगट’ नावाचा धागा बाजारात आणला. त्याची घनता मुद्दाम तातीच्या घनतेइतकी ठेवली आहे.

जाडीचा हिशेब

घनतेला एवढे महत्त्व का, हे शिक्षकांना वर्गात सहज समजावून देता येईल. लांबी आणि ताण सारखा असताना धागा जितका वजनदार, तितका त्याचा स्वर खाली असतो. तातीची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट, नायलॉनची सुमारे १.१४ पट आणि फ्लुओरोकार्बन या धाग्याची सुमारे १.७८ पट असते. त्यामुळे तोच स्वर त्याच ताणावर हवा असल्यास १ मिलिमीटर तातीच्या जागी सुमारे १.०७ मिलिमीटर नायलॉन किंवा सुमारे ०.८५ मिलिमीटर फ्लुओरोकार्बन लागेल. केवळ डोळ्यांनी जाडी जुळवून नायलॉन चढविल्यास तो सैल पडतो आणि आवाज पोकळ येतो.

जाड धागा अधिक वरच्या स्वरात चढविता येतो, ही समजूतही चुकीची आहे. जाडी वाढली की धाग्याची ताकद वाढते, पण तोच स्वर मिळविण्यासाठी लागणारा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून वारंवार तुटणाऱ्या तातीवर जाड तात हा उपाय नव्हे. स्वर थोडा उतरविणे हाच उपाय होय.

गज आणि आघात

खरा फरक धागा कसा वाजविला जातो यात आहे. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. ती धाग्याला क्षणभर धरते व सोडते, आणि या धरसोडीतून स्वर अखंड राहतो. तातीचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असल्याने ही पकड चांगली बसते. गुळगुळीत नायलॉनवर गज घसरतो. सारंगीला तात हवी, ती केवळ परंपरेच्या अभिमानापोटी नव्हे, याचे कारण हे आहे.

चौंडक्याची गोष्ट वेगळी आहे. देवीच्या आराधी व जोगती मंडळींच्या हाती दिसणाऱ्या या वाद्यात पोकळ नळकांड्याच्या एका तोंडावर चामडे असते आणि त्याच्या मध्यातून तात ओवलेली असते. तात हाताने ताणून वा सैल करून तिच्यावर आघात करतात. येथे गज नाही, त्यामुळे पकडीचा प्रश्नच येत नाही. योग्य जाडीचा मजबूत कृत्रिम धागा येथे चालू शकतो. ज्यांना प्राणिज वस्तू वापरावयाची नाही, त्यांचीही त्यातून सोय होते.

हवामान आणि निगा

तात हवेतील दमट फार लवकर शोषते. पुण्याच्या पावसाळ्यात ती फुगते, स्वर हलतो आणि तंतू सुटू लागतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ती ठिसूळ होते. नायलॉनला दमटपणाचा त्रास कमी, परंतु नवा धागा कित्येक दिवस ताणत राहतो व पुनःपुन्हा मिळवावा लागतो. वाद्य दीर्घकाळ वाजविले जाणार नसेल तर ताण थोडा उतरवून ठेवावा. बोट सुलभ सरकावे म्हणून सारंगीवादक बोटांना पावडर लावतात. तातीवर गज फिरतो तेथे मात्र तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण राळेची पकड जाते.

निवड कशी करावी

मैफलीत वाजणाऱ्या सारंगीला तातच योग्य. नवशिक्या विद्यार्थ्याच्या सारंगीवर कृत्रिम धागा चढवावयाचाच असेल, तर तो तातीच्या घनतेचा असावा आणि जाडी वादकाच्या किंवा कारागिराच्या सल्ल्याने ठरवावी. चौंडक्यासारख्या वाद्याला मजबुतीकडे पाहून निवड करावी. संग्रहातील जुन्या वाद्यावर मूळ तात शिल्लक असेल तर ती काढून फेकू नये; ती त्या वाद्याच्या इतिहासाचा भाग आहे.

शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या सांस्कृतिक कार्यासाठी वाद्य खरेदी होते, तेव्हा बहुधा वाद्याच्या किमतीचाच विचार होतो. वर्षभरात एक तात तुटते, तिची तरतूद नसते, आणि वाद्य कपाटात जाते. जडसंग्रह नोंदवहीत ते सुरक्षित राहते. फक्त मुके होते. खरेदीच्या वेळीच तातींचे एक-दोन जादा संच घेतले आणि दरवर्षीच्या देखभालीसाठी थोडी रक्कम राखून ठेवली, तर हे टळू शकते. गावातील आराधी मंडळींना किंवा सारंगी शिकणाऱ्या मुलाला वेळेवर तात मिळवून देणे हे लहानसे काम वाटेल. पण वाद्याची परंपरा अशा लहान कामांवरच टिकून राहते.