सायलस मार्नर : कोरडेपणा आणि वैराग्य

माणसांपासून दूर राहणाऱ्याला आपण सहज विरागी म्हणतो. जॉर्ज इलियट यांच्या १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायलस मार्नर’ या इंग्रजी कादंबरीचा विणकर नायक हा समज तपासून पाहावयास लावतो.

सायलस ज्या लहानशा धर्मपंथाचा निष्ठावान अनुयायी होता, तेथेच जिवलग मित्राने त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आणला. चिठ्ठ्या टाकून निवाडा झाला. तो दोषी ठरला. वाग्दत्त वधूने त्याच मित्राशी विवाह केला. देव आणि माणूस या दोहोंवरील विश्वास गमावून तो रॅव्हलो या खेड्यात आला. पंधरा वर्षे दिवसा माग चालवावा आणि रात्री सोन्याची नाणी मोजावीत, एवढेच त्याचे जीवन उरले. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेलाच परिग्रह म्हटले आहे. सायलसची अलिप्तता ही अशी मूर्च्छाच होती.

तरीही ओलावा पुरता आटला नव्हता. पाणी आणण्याचे त्याचे जुने मातीचे भांडे फुटले, तेव्हा त्याने तुकडे जुळवून ते पूर्वीच्याच जागी ठेवले.

पुढे ते सोने चोरीस गेले. वर्षाअखेरच्या रात्री बर्फात आई गतप्राण झालेली एक बालिका दुडुदुडु चालत त्याच्या झोपडीत आली. अधू दृष्टीच्या सायलसला शेकोटीपाशी आपले सोनेच परतल्यासारखे भासले. हात लावला तो मऊ कुरळ्या केसांना. त्याला आपली मृत धाकटी बहीण आठवली. या एपीच्या संगोपनासाठी तो शेजारच्या डॉलीचा सल्ला घेऊ लागला, चर्चमध्ये जाऊ लागला, माणसांत मिसळला.

सोळा वर्षांनी हरवलेले सोने सापडले आणि त्याच सुमारास एपीचा धनवान जन्मदाता तिला न्यावयास आला. सायलस व्यथित झाला, त्याने आपली बाजू मांडली. परंतु अखेरचा निर्णय त्याने एपीवरच सोपविला. एके काळी नाण्यांत जीव अडकलेला हा मनुष्य प्राणप्रिय कन्येला अडवीत नाही. एपी त्याच्यापाशीच राहते.

स्नेह हाही रागच, हे खरे. परंतु आपलेपणा ठेवूनही हक्क सोडणे, ही गृहस्थाच्या अपरिग्रहाची पहिली पायरी होय. म्हणून घरातील एखादे वडीलधारे माणूस अबोल होऊन कोपऱ्यात बसू लागले, तर त्यास वैराग्य समजून निश्चिंत होऊ नये. तेथे एखादी जुनी जखम असू शकेल. नातवंडास त्यांच्याजवळ बसू द्यावे.