मालकंस, ललत आणि एक रुपेरी पेटी

गंगापूरच्या लग्नसराईत वरातीपुढे बेंजो पार्टीचा जो कीबोर्ड वाजतो, त्याची समीक्षा कोणी करीत नाही. परंतु त्याच विद्युत्-वाद्यांच्या कुळातील एका ध्वनिमुद्रिकेवर पाश्चात्त्य समीक्षकांनी अठ्ठावीस वर्षांनंतर जो निवाडा दिला, तो आपल्या रसिकांनी मुळातून तपासून पाहावा असा आहे.

चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत उमेदीची वर्षे घालविलेले मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटांत डिस्कोची चलती असताना, तबल्याला रजा देऊन भूपाली, तोडी, ललत, मधुवंती, मालकंस अशा दहा रागांना यंत्राचा ठेका दिला. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी एच.एम.व्ही.ने काढली, ती खपली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती दिल्लीत लागली आणि २०१० मध्ये त्यांनी ती पुनश्च प्रसिद्ध केली, तेव्हा समीक्षक चक्रावले. कारण शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रयीने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढून ज्या ‘ॲसिड हाउस’ नामक नृत्यसंगीताचा पाया घातला, त्यातला वळवळता खर्ज येथे पाच वर्षे आधीच घुमत होता. कित्येकांना ही बनवाबनवी वाटली. बहुतेकांनी सिंग यांना आद्यप्रवर्तकाचा मान बहाल केला. खुद्द सिंग यांनी तोवर त्या प्रकाराचे नावही ऐकले नव्हते.

साम्याचे कारण मात्र गूढ नाही. रोलंड कंपनीची ‘टीबी-३०३’ ही रुपेरी पेटी १९८१ च्या सुमारास एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून निघाली. सोळा घरांत स्वर मांडायचे, हवे तेथे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण द्यायची, की तोच फेरा अखंड चालू राहतो. मुंबईत आणि शिकागोत पेटी तीच होती. शिवाय रागालाही आधारस्वर अचल लागतो, पाश्चात्त्य गीताप्रमाणे खालची स्वरसंगती पालटत नाही.

परंतु पहिले कोण, याचा फैसला म्हणजे रसग्रहण नव्हे. राग टिकला का, हा खरा प्रश्न, आणि तो आपल्याकडे जुना आहे : मींड निघत नाही या आक्षेपावरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने बाजाची पेटी हद्दपार केली, आणि तीही गोविंदराव टेंबे यांनी त्याच पेटीचे वैभव महाराष्ट्राला ऐकविल्यानंतर! माझ्या मते भूपालीसारखा मोकळा पंचस्वरी राग या ठेक्याशी जुळवून घेतो. मालकंसाचे गांभीर्य द्रुत लयीत उणावते, तरी त्याची ओळख पुसत नाही. ललताची गोष्ट निराळी. पंचम वर्ज्य करून दोन मध्यमांच्या लगटीवर उभा असलेला हा राग त्या लगटीपाशी क्षणभर रेंगाळू मागतो, आणि यंत्राचा ठेका त्याला तेवढी उसंत देत नाही.