ट्रेडमिलवरचं टेन्शन

धडधड वाढली की काहींना मस्त किक बसते, काहींच्या पोटात गोळा येतो. असं का?

शेजारच्या ट्रेडमिलवरची मैत्रीण स्प्रिंट संपवून 'सही!' म्हणते, तेव्हा माझ्या डोक्यात चाललेलं असतं, 'हे जरा जास्तच तर होत नाहीये ना?' स्पीड तोच, मिनिटं तेवढीच. फरक आहे स्वभावाचा.

चिंता दोन प्रकारची असते. एक प्रसंगापुरती, म्हणजे अप्रेझलच्या आदल्या रात्रीची. दुसरी स्वभावातच मुरलेली. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांची १९७० सालची गाजलेली प्रश्नावली या दोन्ही वेगवेगळ्या मोजते. माझा नंबर दुसऱ्या गटात!

१९८५ मध्ये स्टीव्हन रीस आणि रिचर्ड मॅकनली यांनी आणखी एक गोष्ट मांडली. काही जण घाबरल्याच्या लक्षणांनाच घाबरतात. धडधड, धाप, घाम. आता बघा, दमवणाऱ्या व्यायामात नेमकं हेच तर होतं! शरीर सांगतं 'वर्कआउट', मन ऐकतं 'धोका'. मग जिमची फी भरूनही आपण घरी बसतो आणि वर स्वतःलाच आळशी म्हणतो.

पँटेलेइमॉन एक्केकाकिस या अभ्यासकांचं म्हणणं असं, की हलक्या व्यायामात बहुतेकांना छान वाटतं. फार जोर लावला की जवळपास सगळ्यांनाच नकोसं होतं. खरी गंमत मधल्या टप्प्यात, जिथे धाप लागायला लागते. तिथे कुणाला मजा येते, कुणाला धास्ती वाटते. व्यायाम थांबला की मात्र मूड पटकन वर येतो.

आणखी एक चांगली बातमी. नियमित एरोबिक व्यायामाने धडधडीची ही भीती कमी होते, असं अभ्यासांत दिसलंय. धडधड झाली, वाईट काहीच झालं नाही, हे मनाला हळूहळू पटतं.

मग करायचं काय?

• सुरुवातीला बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढाच वेग ठेवा.
• तो अंगवळणी पडला की मध्ये अर्धा मिनिट वेग वाढवा. पुढच्या आठवड्यात थोडा आणखी.
• जिमआधीची स्ट्राँग कॉफी टाळा. धडधडीत तिची भर कशाला?
• एकदम थांबू नका, वेग हळूहळू उतरवा.

छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र स्वभावावर ढकलू नका. व्यायाम थांबवा आणि सरळ डॉक्टर गाठा.