जहाजावरची साथ आणि खालच्या मजल्यावरची माणसे

फेब्रुवारी 2020. जपानमधील योकोहामा बंदराजवळ ‘डायमंड प्रिन्सेस’ हे आलिशान प्रवासी जहाज थांबवण्यात आले होते. जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून 3,711 माणसे होती. आधी हाँगकाँगला उतरून गेलेल्या एका प्रवाशाला करोनाची लागण झाल्याचे 1 फेब्रुवारीला स्पष्ट झाले होते. 5 फेब्रुवारीपासून प्रवाशांना आपापल्या खोलीत बंद राहण्यास सांगण्यात आले. पुढे तपासण्या होत गेल्या आणि बाधितांचा आकडा 712 वर पोहोचला.

जहाजावर 138 भारतीय होते आणि त्यांपैकी 132 जण कर्मचारी होते. प्रवासी खोलीत बसले, पण कर्मचाऱ्यांना बसून चालणार नव्हते. हजारो माणसांचे जेवण शिजवायचे, ताटे दारोदार पोहोचवायची, उष्टी भांडी परत न्यायची, हे सारे त्यांनाच करायचे होते. काम संपले की तेच कर्मचारी खालच्या मजल्यावरच्या, दोघा-तिघांत मिळून वापरायच्या छोट्या खोल्यांत झोपत आणि एकाच भोजनगृहात जेवत.

9 फेब्रुवारीपर्यंत 20 कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांतले 15 जण खाद्यसेवेतले होते आणि 20 पैकी 16 जणांच्या खोल्या खाद्यसेवकांच्या वस्तीच्या एकाच मजल्यावर होत्या. प्रवाशांसाठी दारे बंद झाली, पण ज्यांच्या हातून ताट येत होते त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली नाही. जहाजावरील साथ समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते.

जहाजच का?

प्रवासी जहाज म्हणजे तरंगते गाव. फरक इतकाच, की या गावाला वेशीबाहेर जाता येत नाही. जिन्याचा कठडा, लिफ्टचे बटण, बुफेतला डाव हजारो हातांतून फिरतो. शिवाय आठवड्याला प्रवासी बदलतात, पण कर्मचारी तेच राहतात. मागच्या सफरीतला संसर्ग पुढच्या सफरीतल्या प्रवाशांपर्यंत पोहोचण्याचा पूल अनेकदा त्यांच्यातूनच जातो. दोष त्यांचा नसतो, त्यांच्या कामाचे स्वरूपच तसे असते.

करोनाची बातमी झाली, पण जहाजांवर जुलाब-उलट्यांच्या साथी येतात त्या बहुतेक वेळा नोरोव्हायरसमुळे. हा विषाणू शरीरात गेल्यावर 12 ते 48 तासांत अचानक उलट्या आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस एक ते तीन दिवसांत बरा होतो. वृद्ध आणि लहान मुलांना मात्र शरीरातील पाणी कमी झाल्याने धोका संभवतो. आजार व्हायला शंभराहूनही कमी विषाणूकण पुरतात आणि रुग्णाच्या एका उलटीत ते अगणित असतात. कठड्यावर, नळावर ते अनेक दिवस टिकतात. बरे वाटू लागल्यावरही काही काळ शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो.

इथे एक गैरसमज घातक ठरतो. खिशातली सॅनिटायझरची बाटली करोनाविरुद्ध उपयोगी पडली, कारण त्या विषाणूभोवतीचे चरबीयुक्त आवरण अल्कोहोलने फाटते. नोरोव्हायरसला असे आवरणच नसते. त्यामुळे जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबण आणि वाहत्या पाण्याने किमान 20 सेकंद हात धुण्याला पर्याय नाही. जहाजावर उलटी झाली तर फडक्याने नुसते पुसून भागत नाही. हातमोजे आणि मास्क घातलेल्या कर्मचाऱ्याने क्लोरीनयुक्त जंतुनाशकाने ती जागा स्वच्छ करावी लागते.

थांबवण्यापेक्षा लवकर ओळखणे

जहाज अडवून ठेवणे हा साथीवरचा सर्वांत जुना उपाय. 1377 मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्निक, या बंदराने प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना 30 दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे इटलीत ही मुदत 40 दिवसांची झाली आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. त्याने बंदरावरचे गाव वाचत असेल, पण जहाजावरची माणसे आतच अडकतात.

म्हणून आजचा भर साथ लवकर ओळखण्यावर आहे. बाहेरून अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांना जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची संख्या तिथल्या सीडीसी या संस्थेला कळवावी लागते. प्रवासी किंवा कर्मचारी यांच्यापैकी 2 टक्के लोक आजारी पडले की पुन्हा कळवणे बंधनकारक असते. या जहाजांची अचानक तपासणी होते. 100 पैकी 86 किंवा अधिक गुण मिळाले तरच जहाज उत्तीर्ण ठरते आणि हे गुण जाहीर होतात. भारतात येणाऱ्या जहाजांवर बंदर आरोग्य अधिकारी लक्ष ठेवतात. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार जहाजाचे स्वच्छता प्रमाणपत्र सहा महिनेच वैध असते.

ही सगळी यंत्रणा एका गोष्टीवर उभी आहे. आजारी माणसाने ‘मला बरे नाही’ असे सांगितले पाहिजे.

आजार का लपवला जातो?

प्रवाशाने सहलीसाठी मोठा खर्च केलेला असतो. डॉक्टरकडे गेलो तर खोलीत बसवतील, या भीतीने तो गप्प राहतो. कर्मचाऱ्याची भीती आणखी खोल असते. रत्नागिरीतला, मुंबईतला किंवा गोव्यातला तरुण घर सोडून महिनोन्‌महिने समुद्रावर राहतो तो कुटुंबासाठी. 2006 च्या सागरी कामगार करारानुसार जहाजावर मोफत वैद्यकीय उपचार आणि आजारपणात जहाजावर असेपर्यंतचे वेतन हा त्याचा हक्क आहे. भारतानेही हा करार स्वीकारला आहे. पण बक्षिशी बुडेल, पुढचे कंत्राट मिळणार नाही, ही धास्ती कागदावरच्या हक्काने जात नाही. मग तो जुलाबाची गोळी घेऊन स्वयंपाकघरात उभा राहतो.

अन्न हाताळणाऱ्याने जुलाब-उलट्या थांबल्यानंतरही किमान 48 तास कामावर येऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. हे दोन दिवस त्याला निर्धास्तपणे मिळाले आणि आजारपणात वेगळी खोली मिळाली, तर पुढची साथ टळू शकते. कर्मचाऱ्याची काळजी ही दया नाही, तो प्रवाशांच्याच आरोग्याचा भाग आहे.

प्रवाशांनी काय करावे?

निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी फ्लूची लस घ्यावी. गोवराची लस झाली आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी नेहमीची औषधे पुरेशी आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पाकिटे सोबत असावीत आणि पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावीत. अन्न गरम असेल तरच खावे.

चढण्याआधी जुलाब, उलट्या किंवा ताप असेल तर आरोग्याच्या फॉर्मवर खरे लिहावे, प्रवास पुढे ढकलावा. जहाजावर त्रास सुरू झाला तर बुफेकडे न जाता खोलीतूनच जहाजाच्या दवाखान्याला फोन करावा. लघवी कमी होणे, गुंगी येणे, जुलाबातून रक्त जाणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नये.

खोलीत दोन दिवस काढणे कंटाळवाणे असते. पण त्या दोन दिवसांत खालच्या मजल्यावरची कित्येक माणसे आजारापासून वाचतात आणि उद्याचे ताट त्यांच्याच हातून येणार असते.