ठिणगीला दिलेली वाट

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना आणि भेस्तान मागे टाकून सचिनला येते. एके काळी सिद्दी नबाबांच्या संस्थानाची ही राजधानी. १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर उभी राहते ती औद्योगिक वसाहत. सुरत परिसरातील कृत्रिम धाग्याच्या कारखान्यांत खानदेशातून आलेले कितीतरी मराठी हात राबत आहेत.

सुती धागा हवेतील ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरला ते साधत नाही. असा धागा वेगाने घासत गेला की त्यावर स्थिर विद्युत् साचते. रबरी चपला घालून फिरणाऱ्या माणसाच्या अंगीही ती साचते. थंडीच्या कोरड्या दिवसांत तिला वाहून जायला वाट नसते. मग कारागिराचे बोट यंत्राच्या कळीला लागते आणि चट्‌कन ठिणगी उडते. साधारणतः तीन हजार व्होल्टांच्या खालची ठिणगी माणसाला जाणवतही नाही. परंतु सर्किट बोर्डावरील नाजूक चिपला तेवढीही पुरते. पुष्कळदा चिप तत्काळ मरत नाही, आतून जायबंदी होते आणि काही आठवड्यांनी बंद पडते. तेव्हा यंत्र हाताळणाऱ्यावर ठपका येतो, आणि माग थांबल्याने त्याची रोजची मजुरीही बुडते.

यावरचा उपाय जुना आहे. तारायंत्राच्या काळी आकाशातील विजेपासून उपकरणे वाचविण्यासाठी दोन दातेरी पट्ट्या समोरासमोर बसवीत; एक तारेला जोडलेली, दुसरी जमिनीला. आज बोर्डावरील तांब्याचीच दोन टोके एकमेकांसमोर आणून मध्ये बारीक फट ठेवता येते. तिला खर्च जवळजवळ नाही. फट ०.२ मिलिमीटर असेल, तर सुमारे तेराशे व्होल्टांना तेथील हवा फुटते आणि विद्युत् जमिनीकडे वळते. मात्र त्या टोकांवर हिरव्या रंगाचा लेप असू नये.

ही फट कितपत राखण करील, हे बोर्ड बनविण्यापूर्वी संगणकावर पाहता येते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठिणगी टाकणारा माणूस म्हणजे १५० पिकोफॅरडचे संधारित्र आणि ३३० ओहमचा रोध. ते संधारित्र ८,००० व्होल्टांपर्यंत भरून मोकळे केले, की नॅनोसेकंदाच्या आतबाहेर प्रवाह ३० अँपियरांवर पोहोचतो. साठलेली एकूण ऊर्जा ज्यूलच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढीच. पण ती डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी येऊन आदळते.

येथेच नवखा फसतो. तो फटीच्या जागी एक आदर्श कळ मांडतो: तेराशे व्होल्ट झाले की ती मिटली. आलेखात चिप सुखरूप दिसते. प्रत्यक्षात हवा फुटण्यास थोडा विलंब लागतो, आणि तेवढ्यात दाब तेराशेच्याही वर चढून चिपपर्यंत पोहोचतो. प्रतिरूपात हा विलंब घातला म्हणजे खरे चित्र दिसते. शिवाय विलंब नसता, तरी तेराशे व्होल्ट चिपला थोडे नव्हेत!

म्हणून फट हा पहिला पहारेकरी समजावा, शेवटचा नव्हे. तिच्यामागे एक रोध आणि त्यानंतर, चिपच्या अगदी जवळ, दाब काही व्होल्टांवर रोखून धरणारा संरक्षक डायोड हवा. प्रत्येक ठिणगीबरोबर तांब्याची टोके झिजतात आणि कारखान्यातील तंतूंची धूळ फटीत बसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हवेत पुरेसा ओलावा राखणे, यंत्राचा सांगाडा जमिनीला नीट जोडणे आणि बोर्ड हाती घेण्यापूर्वी मनगटाला भूसंयोजनाचा पट्टा बांधणे, हे साधे नियमही तितकेच मोलाचे.

ठिणगी अडविता येत नाही. तिला वाट काढून द्यावी लागते. ती वाट आखणाऱ्याने आधी कसून तपासली, तर निष्पाप कारागिराच्या माथी दोष येणार नाही.