वर्धेच्या पाण्यामागे दक्षिणेकडे

दिवाळीच्या आगेमागे नरखेड तालुक्यात आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा सुरू होतो. बागेचे पैसे हाती आले की पोरांना मोटारसायकलवरून लांब जायचे वेध लागतात. ठिकाणे विचारली तर दोनच नावे पुढे येतात, चिखलदरा नाही तर पचमढी. दोन्ही सुंदर आहेत. पण कार्तिक सरताना दुचाकीवरून जायचे असेल तर दोन्ही टाळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण उंचीचे आहे. आपला तालुका समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या थोडा वर आहे, पचमढी हजारावर आणि चिखलदरा अकराशेच्या पुढे. दर हजार मीटर चढाला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंडावते. म्हणजे घाट चढून वर पोचेपर्यंत चार-साडेचार अंश गेलेच. शिवाय गाडीचा वेग. ताशी ६० किलोमीटरने जाताना १० अंशांची हवा उघड्या कातडीला सुमारे ५ अंशांसारखी लागते. बोटे बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो, आणि घाटातल्या वळणावर तेवढा उशीरही जिवावर बेततो. नागपूरचा पारा २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांवर उतरला होता. त्या दिवसांत इथला माणूस शेकोटीजवळून हलायला तयार नव्हता.

मग ऊब कुठे? समुद्राकाठी, हे खरे. रत्नागिरीला डिसेंबरातही किमान तापमान १९-२० अंशांच्या आसपास राहते. पण नरखेडहून कोकण गाठायचे म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा, चार दिवसांच्या सुट्टीत ते झेपत नाही. किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, आणि दोन दिवसच मोकळे असतील तर ते उत्तम. सवड जास्त असेल तर मात्र माझे बोट नकाशावर सिरोंच्यावर जाते.

तिकडची वाट आपल्याच नदीने दाखवली आहे. तालुक्याची पश्चिम शीव वर्धा नदी आखते. ती मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि मोवाडवरून खाली जाते. ३० जुलै १९९१ च्या पहाटे याच नदीने मोवाडमध्ये दोनशेवर माणसे नेली. त्या गावाजवळून जाताना गाडीचा वेग आपोआप कमी होतो, आणि व्हायलाच हवा. पुढे पुलगाव मागे टाकून ती चंद्रपूर जिल्ह्यात शिरते. वढ्याला तिला पैनगंगा मिळते आणि तिथे कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते. चपराळ्याच्या जंगलाशी वैनगंगा येऊन मिळाली की दोघींची प्राणहिता होते, आणि सिरोंच्याला ती गोदावरीत जाते. मुलताईला साडेसातशे मीटरवर असलेले पाणी इथे जेमतेम सव्वाशे मीटरच्या पातळीवर आलेले असते. आपण नरखेडहून निघालो तरी तीनेकशे मीटर उतरतो आणि अडीच अंशांहून अधिक अक्षांश दक्षिणेला सरकतो. जानेवारीत तिथेही गारठा असतो, पण कार्तिकात दुपारभर जाकीट काढून गाडी चालवता येते.

या उताराची भुरळ इंग्रजांनाही पडली होती. वऱ्हाडचा कापूस बोटींनी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट समुद्राला न्यायचा, ही आर्थर कॉटन यांची कल्पना. पात्रातल्या खडकांच्या तीन मोठ्या अडथळ्यांनी ती अडवली. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेत देवलमरीला. खडकाला वळसा घालणारे कालवे आणि बांध यांवर बराच पैसा ओतला गेला. तोवर १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. १८७१ मध्ये काम थांबले. त्या काळी सिरोंचा हे 'अपर गोदावरी' नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. बोटींसाठी आखलेली ती वाट आज मोटारसायकलवाल्याने पुरी करावी, हे मला फार आवडते.

नरखेडहून काटोल, नागपूर, चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात उरकू नये. पहिला मुक्काम चंद्रपूरला, म्हणजे दुसऱ्या दिवशी आलापल्लीजवळचे 'वनवैभव' उजेडात पाहता येते. १९५३ पासून कुऱ्हाड न लागलेला सुमारे सहा हेक्टरांचा तो जंगलाचा तुकडा आहे, आणि तिथला साग बघायला मान मागे टाकावी लागते. आलापल्ली-सिरोंचा रस्ता अनेक वर्षे खराब म्हणूनच ओळखला जातो, त्याची सद्यस्थिती आलापल्लीत विचारावी आणि टाकीही तिथेच भरावी. धान कापणीचे दिवस असतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि कडेला वाळत घातलेले धान सांभाळूनच जावे. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावे. या दिवसांत साडेपाचनंतर उजेड झपाट्याने जातो.

सिरोंच्यात कानावर मराठीइतकीच तेलुगू पडते. जवळच वडधमला जीवाश्म उद्यान आहे. याच परिसरातल्या कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत ज्युरासिक काळातले मासे आणि डायनोसॉर सापडले आहेत. गोदावरीच्या पुलावरून पलीकडे तेलंगणात कालेश्वर, एकाच पिंडीपीठावर दोन लिंगे असलेले मंदिर. आणखी अर्धा दिवस असेल तर सोमनूरला जावे, तिथे इंद्रावतीही गोदावरीला मिळते.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी पाहावी. ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. आंध्र किनाऱ्याकडे कमी दाबाचा पट्टा असेल तर सिरोंच्यावर ढग येतात. ढगांमुळे रात्र उबदार होते, पण रस्ते ओले आणि कापलेले धान भिजलेले. हवामान खात्याचा तसा इशारा असेल तर निघणे आठवडाभर पुढे ढकलावे. परतताना तोंड उत्तरेला आणि वारा समोरून, म्हणून जाकीट, हातमोजे बॅगेच्या तळाशी न टाकता वरच ठेवावेत आणि सकाळी नऊच्या आत गाडी काढू नये.